वाचकांचे प्रश्न : सुपरचार्जर बसला, आता लॅपटॉप कोणी धरायचा?

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा, पट्ट्यावर फिरणारा ब्लोअर. त्याविषयी आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्नाला लागेल तेवढाच मजकूर ठेवून बाकीचा छाटला आहे.

माझ्याकडे १९९५ची १.८ लिटर माझ्दा एमएक्स-५ आहे. तिला सेकंड हँड ईटन एम६२ सुपरचार्जर बसवतो आहे आणि मूळ ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) जागी मेगास्क्वर्ट हा स्वतः ट्यून करता येणारा ईसीयू घेतला आहे. लॅपटॉपवर तक्ते भरणं मला अवघड नाही, धंदाच तो आहे. डायनोवाल्याला (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्याला) न गाठता घरीच ट्यूनिंग करता येईल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

अर्धी करता येईल. पेट्रोलची बाजू तुम्ही घरच्या घरी, दोन-तीन शनिवारांत नीट बसवू शकाल. बूस्टखालच्या, म्हणजे जादा दाबाखालच्या, स्पार्क टायमिंगसाठी (ठिणगी नेमकी कधी पडायची त्यासाठी) मात्र डायनोवर जा. तुम्हाला कमी समजतं म्हणून हे सांगत नाही. पेट्रोल कमी-जास्त झालं तर वाइडबँड मीटर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) अर्ध्या सेकंदात आकडा दाखवतो. स्पार्क क्रँकशाफ्टच्या फिरण्याचे तीन अंश जास्त आगाऊ पडला तर कुठलाही काटा हलत नाही. उलट गाडी जरा झणझणीत ओढते आणि माणूस खूश होतो. चूक झाल्याचा निरोप येतो तो पिस्टनच्या दोन रिंगांमधली कडा तुटल्यावर, टेलपाइपच्या निळ्या धुराने.

साध्या इंजिनात ही चूक बऱ्याचदा पचते, सुपरचार्ज्ड इंजिनात पचत नाही. याचं कारण उष्णता. एम६२ एका फेऱ्यात साधारण १.०२ लिटर हवा ढकलतो. तुमच्या १,८३९ सीसी इंजिनाला क्रँकच्या एका फेऱ्यात ०.९२ लिटर लागते. क्रँकच्या एका फेऱ्यात ब्लोअर दीड फेरे फिरला, तर गळती आणि नुकसान वजा जाता मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) बाहेरच्या हवेच्या साधारण १.५५ पट दाब येतो, म्हणजे आठ पीएसआयच्या आसपास बूस्ट. या जुन्या रूट्स धाटणीच्या ब्लोअरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर ३५ अंशांची हवा दाबून बाहेर पडते ती ११० अंशांची. इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा) नसेल तर हीच हवा सिलिंडरमध्ये जाते. एवढ्या गरम हवेत पेट्रोलचा शेवटचा वाटा ज्वाळेची वाट न बघता आपोआप भडकतो, त्यालाच नॉकिंग म्हणतात.

लॅपटॉप उघडण्याआधीचं काम पान्याचं आहे. घरच्या ट्यूनिंगमधले निम्म्याहून जास्त घोळ सॉफ्टवेअरमध्ये नसतात, इथे असतात.

इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी आकड्यात दहा टक्क्यांहून अधिक फरक आला, तर सुपरचार्जर डब्यातच राहू द्या. थकलेल्या इंजिनावर बूस्ट चढवून कुणाचं भलं झालेलं नाही.

पेट्रोलचं प्रेशर मोजा. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून ते ३ बारच्या आसपास हवं. नळी लावल्यावर बूस्टमध्ये ते बूस्टइतकंच वाढलं पाहिजे: अर्धा बार बूस्ट असेल तर साडेतीन बार. तिथे ते तीनवर अडकलं किंवा खाली आलं, तर पंप, फिल्टर किंवा पंपाची वायर कमी पडते आहे. गेजची नळी वायपरपर्यंत आणून पहिल्या फेऱ्या त्यावर डोळा ठेवून मारतात, ते यासाठीच.

इंजेक्टरचा हिशेब कागदावर करा. क्रँकवर २०० एचपी धरा, म्हणजे हाताशी शिल्लक राहते. सुपरचार्ज्ड इंजिनाला दर एचपीमागे तासाला ०.६ पौंड पेट्रोल, म्हणजे एकूण १२० पौंड, साधारण साडेचोपन्न किलो. चारात वाटलं की प्रत्येकाला १३.६ किलो, म्हणजे मिनिटाला ३०५ सीसीच्या आसपास. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून भागिले ०.८, आले ३८० ते ३८५. तुमच्याकडच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, त्यासाठी थोडं वाढवा. ४०० ते ४४० सीसीचे घ्या. त्याहून मोठे घेतले तर स्लो स्पीडला गाडी घुटमळते. विकणाऱ्याकडून इंजेक्टरच्या डेड टाइमचा तक्ता मागून घ्या. वीज मिळाल्यापासून सुई उघडेपर्यंत जो एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जातो, तो हा. व्होल्टेज उतरलं की तो वाढतो. हा आकडा चुकला तर वरच्या आरपीएमला सगळं ठीक आणि हेडलाइट लावले की आयडल (उभ्या गाडीतली इंजिनाची चाल) बिघडतं, असा गमतीशीर त्रास होतो.

प्लग एक नंबर थंड घ्या. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, त्यामुळे ६ च्या जागी ७. बॉशचं बरोबर उलटं असतं, तिथे फसू नका. गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू इंजिनात परत नेणारा) उलट दिशेने फुंकून बघा. हवा गेली तर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरेल आणि डिपस्टिक वर उडेल.

आता सेन्सर. मूळ गाडीत हवेचं तापमान मोजलं जातं ते ब्लोअरच्या आधी. तो तसाच वापरलात तर ईसीयूला ३५ अंश दिसतात आणि इंजिन ११० अंशांची हवा घेत असतं. ब्लोअरच्या पुढे, मॅनिफोल्डमध्ये उघड्या टोकाचा सेन्सर बसवा. किटमध्ये ही गोष्ट बहुतेक वेळा नसते आणि तिच्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे.

वाइडबँडसाठी बॉशचा एलएसयू ४.९ घ्या, त्याला मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावं लागत नाही. एक्झॉस्ट पाइपवर एम१८ × १.५ आट्याची बॉस वेल्ड करून घ्या. जागा पोर्टपासून हातभर लांब, आणि सेन्सरचं टोक आडव्या रेषेपेक्षा किमान दहा अंश खाली झुकलेलं, नाहीतर सकाळचं साचलेलं पाणी त्यात उतरतं आणि तापलेली सिरॅमिक तडकते. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मीटर लीन (पेट्रोल कमी) दाखवतो.

शेवटचं, टायमिंग लाइट. मेगास्क्वर्टमध्ये टायमिंग १० अंशांवर कायम करा आणि पुलीवरची खूण बघा. आयडलला १० आणि ४,००० आरपीएमला १३ दिसत असेल, तर सॉफ्टवेअरमधला प्रत्येक अंश खोटा आहे. हे जुळल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका.

एवढं झालं की पेट्रोलचा तक्ता. उभ्या बाजूला मॅनिफोल्डचं प्रेशर, आडव्या बाजूला आरपीएम. ओळी ३० ते १७० केपीएपर्यंत (किलोपास्कल; बाहेरची हवा साधारण १००) पसरा आणि ९० च्या पुढे दाट ठेवा, कारण मजा आणि धोका दोन्ही तिथेच आहेत. बूस्टच्या ओळींत पेट्रोल मुद्दाम जास्त भरून ठेवा. गाडी चालवणारा एक, लॅपटॉप बघणारा दुसरा. दोन्ही कामं एकट्याने करायची नाहीत, त्याला अपवाद नाही.

आधी आयडल, मग २,००० ते ३,५०० आरपीएमवर सपाट रस्त्यावरची संथ चाल. १०० केपीएच्या खाली ट्यूनरस्टुडिओचं आपोआप दुरुस्तीचं साधन खुशाल वापरा, ते चांगलं काम करतं. १०० च्या वर ते बंद. बूस्टमध्ये गाडी एका चौकटीत क्षणभरच थांबते, वायू सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि साधन शेजारच्या चौकटीला शिक्षा करतं.

बूस्टमध्ये हाताने करा. ११० केपीएपर्यंत जा, पाय काढा, थांबून लॉग वाचा. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा: १ म्हणजे बरोबर, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त. सूत्र एवढंच: जुना आकडा गुणिले दिसलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. चौकटीत ७८ आहे, मीटरने ०.८६ दाखवलं, हवं आहे ०.८०, तर नवा आकडा ८४. आणि ११० च्या ओळीत जेवढे टक्के वाढवलेत, तेवढेच १२० आणि १३० च्या ओळीत तिथे जाण्याआधीच वाढवा. पुढच्या पायरीवर पाय ठेवायचा तो पेट्रोल जास्त आहे अशा खात्रीनेच. पूर्ण बूस्टला ०.७८ ते ०.८२ लॅम्डा ठीक. १३० केपीएच्या वर लॅम्डा ०.८८ ओलांडला तर इंजिन तोडण्याची सोय तुमच्या ईसीयूत असेल तर ती पहिल्या दिवशीच चालू करा. अॅक्सिलरेटर अचानक दाबल्यावर लागणारं जादा पेट्रोल सर्वांत शेवटी. मूळ तक्ता चुकीचा असताना ते जुळवत बसलात तर दोन चुका एकमेकींना झाकत राहतात.

या फेऱ्यांचा वेगही आधी मोजून ठेवा. या गाडीच्या पाचगिअरी डब्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ६,५०० आरपीएम म्हणजे ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. सार्वजनिक रस्त्यावर ते बसत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये नव्वदीत भागतं, पण आरपीएम इतके झरझर चढतात की लॉग पातळ येतो. वरचे आरपीएम ट्रॅकवर किंवा डायनोवर घ्या.

आता स्पार्क. डायनोपर्यंत जाण्यापुरतं टायमिंग असं ठेवा: १०० केपीएला ४,००० आरपीएमवर २६ अंश असेल, तर दर पीएसआय बूस्टला एक अंश वजा. आठ पीएसआयला १८ आले, त्यातून आणखी दोन-तीन काढा. आत जाणाऱ्या हवेचं तापमान ४५ अंशांपुढे गेलं की दर दहा अंशांना टायमिंग एक ते दोन अंश कमी, हा तक्ता वेगळा भरा. गाडी मठ्ठ वाटेल, एक्झॉस्ट जास्त तापेल. थोडे दिवस चालतं.

डायनोवर दोन-दोन अंशांनी पुढे सरकतात आणि प्रत्येक वेळी टॉर्क बघतात. टॉर्क वाढायचा थांबला की तिथून मागे. नॉक आधीच ऐकू आला तर आणखी दोन-तीन अंश मागे. ऐकण्यासाठी साधं यंत्र पुरतं: तांब्याच्या नळीचं टोक ठोकून चपटं करायचं, भोक पाडून ब्लॉकच्या बोल्टखाली आवळायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि कानावर जुना इअरमफ. तुमच्या सिलिंडरचा व्यास ८३ मिलिमीटर आहे, त्यावरून नॉकचा आवाज ७ किलोहर्ट्झच्या जवळ पडतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा, किरटा. व्हॉल्व्हची टिकटिक यापेक्षा बोथट असते. हा कान तयार व्हायला वेळ लागतो, आणि डायनोवाल्याला पैसे मोजायचे ते मुख्यतः त्या कानासाठी. पेट्रोलचा तक्ता जुळवून नेलात तर त्याचा दिवसभराचा हिशेब अर्ध्या दिवसावर येतो.

गाडी कॅलिफोर्नियात नोंदवायची वेळ येणार असेल तर किटवर तिथल्या हवा मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (मंजुरीचा) क्रमांक आहे का ते बघा. तिथल्या स्मॉग तपासणीत तो विचारतात. विमा कंपनीला मात्र कुठेही असा, बदल कळवा.

माझी एमएक्स-५ सुपरचार्ज्ड आहे. ५,००० आरपीएमनंतर वाइडबँड एकदम लीन जातो. पेट्रोल वाढवत वाढवत १५ टक्क्यांवर नेलं, तरी लीनच, आणि आता गाडी धक्के देते. पंप नवीन आहे.
– एक वाचक, लेस्टर

पेट्रोल पहिलं होतं तिथे आणा. तुमचं इंजिन बहुधा लीन नाही, मिसफायर करतं आहे. वाइडबँडला पेट्रोल दिसत नाही, त्याला उरलेला ऑक्सिजन दिसतो. स्पार्क पडला नाही की त्या सिलिंडरमधली सगळी हवा न जळता बाहेर येते, मीटरला भरपूर ऑक्सिजन मिळतो आणि तो लीन म्हणतो. त्यावर पेट्रोल वाढवलं की मिश्रण आणखी ओलं, मिसफायर आणखी जास्त, मीटर आणखी लीन. या चक्रात माणसं आठवडे घालवतात.

ओळखायची खूण सोपी आहे. खरी लीन अवस्था लॉगमध्ये उतारासारखी हळूहळू चढते, मिसफायर करवतीच्या दातांसारखा दिसतो. प्लगचा गॅप बघा. १.१ मिलिमीटर असेल तर कारण तिथेच आहे: हवा जितकी दाबलेली, तितकं ठिणगीला दोन टोकांमधलं अंतर ओलांडणं जड. ०.७५ करा. तरी राहिलं तर प्लगच्या वायरी आणि मग कॉइल. अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून वायरींवर स्प्रेने पाण्याचा हलका फवारा मारा, फुटलेली वायर स्वतः चमकून सांगते. हात लांब ठेवा.

२००५ची मिनी कूपर एस. सुपरचार्जरची पुली १५ टक्के लहान बसवली. सुरुवातीला झकास होती, आता ५,५०० नंतर बूस्ट वाढायच्या ऐवजी उतरतो. ट्यूनिंगमध्ये काय बदलू?
– एक वाचक, मेलबर्न

काहीही नाही, पट्टा घसरतो आहे. टर्बोत बूस्ट वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप) ठरवतो, सुपरचार्जरमध्ये दोन पुल्यांचं प्रमाण. ते सॉफ्टवेअरने बदलत नाही. मग वरच्या आरपीएमला आकडा खाली येत असेल, तर ब्लोअर तेवढे फेरे मारत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुली लहान झाली की पट्ट्याला धरायला जागा कमी मिळते आणि ब्लोअर फिरवायला जोर जास्त लागतो. पुलीच्या कडेला काळी भुकटी साचली आहे का बघा. लहान पुलीला मापाने आखूड पट्टा लागतो. जुनाच ठेवला असेल तर टेन्शनर आपल्या टोकाला जाऊन बसलेला दिसेल. या मॉडेलच्या टेन्शनरचा डँपरही थकतो. पट्टा आणि टेन्शनर एकत्रच बदला.

झाकण काढलेलंच आहे तर आणखी एक काम. तुमच्या गाडीचा एम४५ ब्लोअर दोन जागी गिअर ऑइल बाळगतो, आणि मागच्या बाजूच्या गिअरवर गाडीचा वॉटर पंप चालतो. सर्व्हिस बुकात त्या ऑइलचा उल्लेख नसल्यामुळे वीस वर्षांत कुणी त्याला हात लावलेला नसतो. ते सुकलं की गिअरचे दात जातात, पंप थांबतो आणि तापमानाचा काटा वर जाईपर्यंत काहीच कळत नाही. पुली लहान केल्यावर हे सगळं आणखी वेगाने फिरतं आहे. ब्लोअर उतरवून दोन्ही बाजूंचं ऑइल बदला.

सेकंड हँड मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर घेतली आहे, डब्ल्यू२०४. एक जण लहान पुली आणि ‘स्टेज वन’ फाइल टाकून देतो म्हणतो. घरीही टाकता येते, केबल देतो म्हणतो. घ्यावी का?
– एक वाचक, पुणे

फाइल, म्हणजे ईसीयूतले तयार तक्ते, टाकणं ही ट्यूनिंग नव्हे, दुसऱ्याच्या ट्यूनिंगवर विश्वास ठेवणं आहे. ती कोणत्या पेट्रोलवर, कोणत्या तापमानात बसवली, हा पहिला प्रश्न त्याला विचारा. उत्तर देता आलं नाही तर केबल परत करा.

त्याआधी तुमच्या गाडीतल्या एम२७१ इंजिनाची टायमिंग चेन. या इंजिनात चेन ताणली जाते आणि कॅमशाफ्टच्या अॅडजस्टरचे दात झिजतात. थंड इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद खडखडाट येतो का ऐका. येत असेल तर पुलीचा विषय बंद, आधी चेनचं काम.

तुमच्या गाडीला कारखान्यातूनच इंटरकूलर आणि नॉक सेन्सर आहे, त्यामुळे एमएक्स-५ पेक्षा ती सुरक्षित. मात्र पुण्याच्या मे महिन्यात, बोर घाट चढताना एसी चालू ठेवून, नॉक सेन्सर टायमिंग इतकं मागे ओढतो की लहान पुलीने मिळवलेलं तिथेच जातं. निर्मात्याने दिलेले १८४ एचपी हवे असतील तर इंटरकूलरच्या नळ्यांची गळती तपासा, एअर फिल्टर नवा टाका आणि ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरा. फरक जाणवेल, आणि गाडी कायद्यातही राहील. कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ए मध्ये मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर बॉनेट उघडतो, तेव्हा पुली लपत नाही.

शेतातल्या आणि ऑफ-रोड स्पर्धेतल्या वापरासाठी ठेवलेली १.३ लिटर जिप्सी आहे, रस्त्यावर नेत नाही. तिला लहान सुपरचार्जर आणि स्वतंत्र ईसीयू बसवला. अमेरिकेतल्या चुलतभावाच्या सुझुकी सामुराईचा मॅप (ईसीयूतले तक्ते) आहे, इंजिन जवळपास तेच. तो तसाच टाकू का? इथे डायनो नाही.
– एक वाचक, नाशिक

पेट्रोलचा तक्ता सुरुवातीसाठी घ्या, टायमिंगचा घेऊ नका.

चुलतभावाच्या पंपावर ऑक्टेन ९३ लिहिलेलं असेल आणि तुमच्या पंपावर ९५. आकडे जवळचे दिसतात, पण मोजपट्ट्या वेगळ्या. अमेरिकेत दोन पद्धतींची सरासरी लिहितात. त्यांचं ९३ म्हणजे आपल्या पद्धतीने ९८ च्या आसपास, आणि आपलं ९५ म्हणजे त्यांचं ९० च्या आसपास. त्या टायमिंगवर आपलं पेट्रोल नॉक करू शकतं. तुम्ही ९५ वर राहा, आणि तेही एकाच पंपावरचं.

दुसरं, इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के पेट्रोल जास्त सोडावं लागतं. त्याच्या दहा टक्केवाल्या पेट्रोलवरचा मॅप इथे चार टक्क्यांच्या आसपास लीन चालेल. मीटर १४.७ च्या भाषेत न वाचता लॅम्डात वाचा, मग पेट्रोल कुठलंही असो, १.० म्हणजे बरोबर आणि ०.८० म्हणजे पूर्ण बूस्टचं लक्ष्य.

उंचीचंही लक्षात ठेवा. सुपरचार्जर दाब बेरजेने नाही, गुणाकाराने वाढवतो. मुंबईत १०१ केपीएचे १५७ होतात, महाबळेश्वरच्या साधारण ८६ चे १३३. तिथे सगळं छान चाललं म्हणून समुद्रसपाटीवर तोच मॅप सुरक्षित आहे असं समजू नका, तक्त्यातल्या वरच्या ओळींना तुम्ही हातच लावलेला नसतो.

डायनो नसताना टायमिंग कसं ठरवायचं? ठरवायचं नाही, कमी ठेवून द्यायचं. जिप्सीला चिखलात खालचा टॉर्क हवा असतो, आणि रूट्स ब्लोअर तो आयडलच्या थोडं वरपासूनच देतो. शेवटचे पाच-सात एचपी स्पर्धेत तुम्हाला जाणवणारही नाहीत. २,००० ते ३,००० आरपीएममध्ये मात्र टायमिंग आणखी मागे घ्या. आरपीएम कमी असताना पेट्रोलला आपोआप भडकायला जास्त वेळ मिळतो आणि ब्लोअर तिथेही पूर्ण बूस्ट देत असतो. टर्बोवाल्यांचे मॅप बघून शिकलेल्यांची चूक नेमकी या कोपऱ्यात होते, कारण त्यांच्याकडे तिथे बूस्ट नसतोच. प्रत्येक स्पर्धेनंतर प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याच्या दाण्यासारखे काळे ठिपके किंवा अॅल्युमिनियमचे चमकणारे कण दिसले, तर नॉक झालेला आहे. आणखी तीन अंश मागे.

ऑनलाइन १२ व्होल्टचा ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ मिळतो, फिल्टरच्या पाइपात बसतो. ट्यूनिंगही लागत नाही म्हणे. १.२ लिटर हॅचबॅकला उपयोग?
– एक वाचक, कोल्हापूर

ट्यूनिंग लागत नाही हे खरं आहे, कारण तो काही करत नाही. तुमचं इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला ३,६०० लिटर हवा घेतं. तिला पाच पीएसआय दाब द्यायला जवळपास तीन किलोवॅट लागतात, म्हणजे १२ व्होल्टवर २५० अँपिअर. तो पंखा सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालतो, ज्याचा फ्यूज १५-२० अँपिअरचा असतो. उलट पूर्ण थ्रॉटलला तो पाइपातला अडथळा होतो.

जुन्या सुपरचार्ज्ड जॅग्वारचा ब्लोअर आयडलला खडखडतो, रेस केलं की आवाज बंद. मॅप बिघडलाय असं गॅरेजवाला म्हणतो.
– एक वाचक, ठाणे

मॅप नाही. ब्लोअरच्या नाकात पुली आणि रोटर यांच्यामध्ये एक कपलर असतो, त्याची स्प्रिंग किंवा बुश झिजली की आयडलच्या धक्क्यांना तो असा वाजतो. शिटीसारखा आवाज हा ब्लोअरचा स्वभाव, खडखड नव्हे. नुसता कपलर मिळतो, अख्खा ब्लोअर बदलायला सांगितलं तर दुसरं गॅरेज बघा. फार दिवस तसाच चालवला तर मात्र शाफ्टची पिन जागा मोठी करते, आणि मग नाकाचा पूर्ण भागच घ्यावा लागतो.